पाच आणि चार

“किती दुखतंय, आपा?” नर्स झानारनं विचारलं.

“पाच आणि चार,” रौशन म्हणाली आणि दात आवळून छताकडे बघत राहिली.

झानारनं मान डोलावली. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचं, हे तिनं ऑपरेशननंतर पहिल्याच सकाळी समजावून सांगितलं होतं. म्हणजे पाय हलवला की पाच, नुसतं पडून राहिलं की चार. नवा गुडघा बसवलाय म्हटल्यावर एवढं दुखायचंच. काल तर म्हातारी पाच आणि तीन म्हणाली होती. झानारनं रोजची साधी गोळी दिली आणि व्यायामासाठी पायाशी येऊन बसली.

गुडघा मात्र वाकायला तयार नव्हता. टाचेखाली हात घातला की रौशनचं सगळं अंग ताठ व्हायचं. शेजारच्या खाटेवरची बाई तिच्यानंतर आली आणि वॉकर धरून खिडकीपर्यंत जाऊनही आली. रौशन पाय नुसता खाटेखाली सोडायचा म्हटलं तरी घामाघूम. दुखणं बेताचं आणि नखरे फार, असं झानारच्या मनात येऊन गेलंच. पोरगी तशी चांगली. शहरात वाढलेली, घरीदारी रशियन बोलणारी, कझाक भाषा शाळेत शिकली तेवढीच. पण दिवसभर लोकांचे गुडघे वाकवायचे म्हणजे कुणाचाही धीर सुटतो.

सकाळच्या फेरीत डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. हेच दिवस आहेत, आत्ता वाकला तर वाकला. नाहीतर आतून आखडेल, पुन्हा भूल देऊन जोरानं वाकवावा लागेल आणि तरी भरवसा नाही. घरी रौशनची गाय होती, दुसऱ्या कुणाला सडाला हात लावू न देणारी. जमिनीवर बसणं आता विसरायचं, हे रौशननं कबूल केलं होतं. पण दूध काढायला निदान स्टुलावर तरी बसता यायला हवं. तेवढ्यासाठी तर ती ऑपरेशनला तयार झाली होती.

तिचा म्हातारा रोज गावाहून मटणाचं सूप घेऊन यायचा आणि व्यायामाची वेळ झाली की व्हरांड्यात निघून जायचा. बायकोचा पाय कुणी वाकवतंय, हे त्याला बघवायचं नाही. झानार बाहेर आली की विचारायचा, कसं आहे? चार-पाच, बरं आहे, असं ती सांगायची. मग गडी सगळ्या गावाला फोन करत सुटायचा की आमची म्हातारी लोखंडाची आहे, लोखंडाची. आज मात्र पहाटेच्या बसनं आलेला तो खुर्चीतच पेंगला होता. त्याला उठवायचं कुणाला सुचलं नाही.

“आज सोडणार नाही हं, आपा. गाईकडे जायचंय ना?” असं म्हणत झानारनं गुडघा वाकवायला घेतला. थोडा वाकवला, मग आणखी थोडा. रौशननं चादर मुठीत धरली. तिचे ओठ पांढरे पडले.

“आता किती?”

“पाच आणि पाच,” रौशन कशीबशी म्हणाली.

“काय गं?” खुर्चीतून म्हातारा म्हणाला.

झानारनं वळून पाहिलं. तो टोपी सारखी करत उठत होता. ती म्हणाली, तुम्हाला नाही हो आजोबा, मी यांचं दुखणं विचारतेय. तो म्हणाला, पण हाक तर तिनं मलाच मारली. घरी ती त्याला पाच-पाचच म्हणायची. त्याचं नाव ओनबाय. नवऱ्याचं नाव बायकोनं कसं घ्यायचं?

ओन म्हणजे दहा, एवढं झानारलाही येत होतं. म्हाताऱ्याची झोप उडाली आणि जीभ सुटली. त्याच्या बापाला आधी पाच मुली झाल्या. मग मुलगा झाला तेव्हा बापाला एवढा आनंद झाला, की त्यानं मोजणी तशीच पुढे चालू ठेवली. अल्तीबाय, झेतीबाय, सेगीझबाय, तोगीझबाय, म्हणजे सहा, सात, आठ, नऊ. शेवटी हा ओनबाय. थोरल्या दिरांची नावं घ्यायची नाहीत, नावातला शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. त्यामुळे त्यांच्या घरच्या सुना बाजारात अंडी घ्यायला गेल्या तरी पाचावर एक, पाचावर दोन अशीच मोजायच्या. दुकानदार वैतागून जायचे, असं सांगून तो खळखळून हसला.

झानारनं रौशनचा पाय अलगद खाली ठेवला. पाच आणि तीन. पाच आणि चार. ती मनातल्या मनात बेरीज करत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. हसता हसता म्हाताऱ्यालाही ते रोजचं ‘चार-पाच’ आठवलं आणि बेरीज उमगली. तो मटकन खाटेच्या कडेवर बसला.

“नऊ?” तो म्हणाला. “अगं, ते चौघेही कधीच मातीत गेले. घ्यायचंस की नाव.”

“मातीत गेले म्हणून काय मान गेला?” रौशन म्हणाली.

झानार धावत जाऊन डॉक्टरांशी बोलली आणि चांगलं जोराचं औषध घेऊन आली. ते अंगात भिनेपर्यंत ती रौशनचा हात धरून बसली. चुकलं माझं, एवढंच तिला म्हणता आलं. दुपारी पुन्हा टाचेखाली हात घातला तेव्हा अंग ताठलं नाही. गुडघा कुरकुरत का होईना, वाकला. रौशन खाटेच्या कडेला नीट बसली, तळवा फरशीवर टेकवून. म्हातारा सुपाचा वाडगा धरून समोर उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता.

“आता किती, आपा?”

“तीन.”

एकच आकडा ऐकून झानारचा जीव भांड्यात पडला. तरी तिनं बजावलं, की उद्या पुन्हा वाढलं तर लाजायचं नाही, सरळ सांगायचं.

“वाढलं तर यांना विचारत जा, पोरी,” रौशन म्हाताऱ्याच्या हातातला वाडगा घेत म्हणाली. “पाचापर्यंतचं माझं मी सांगेन. त्याच्या वरचं सगळं दुखणं सासरचं.”