मम्मीने निवडलेला नकाशा

शाळेच्या गेम स्पर्धेसाठी रिचेलने पाचूबंदरचा मासळी बाजार तीन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये बांधला. गल्ली तीच, ओटे तेच. पाठवायचा मात्र एकच नकाशा, तोही आजच! एका सॉफ्टवेअरमध्ये पाणी झक्कास दिसायचं, दुसऱ्यात काम पटापट व्हायचं, आणि तिसऱ्यात नेमकं भारी काय आहे हे आठ दिवस डोकं खाजवूनही तिला कळलं नव्हतं. शेवटी बाजारातून मासळी विकून आलेल्या मम्मीच्या हातात तिने माउस दिला.

"राक्षसांना चुकव आणि हिरोला खजिन्यापर्यंत पोचव!"

पहिल्या दोन नकाशांत मम्मीने हिरोला नुसतं फिरवून आणलं. तिसऱ्यात एका भिंतीशी नेऊन उभं केलं ते केलंच. चारी बाजूंनी राक्षस धावून आले, तरी मम्मी ढिम्म.

"मम्मी, पळ ना! मेलीस बघ!"

"मरू दे गो. पन तू हाच पाठव."

"का पण? खजिना तर तू पाहिलापण नाहीस!"



"बाकी दोनांत सावलीच पडत नाय, बाय. तितं बसलं तर दुपारपर्यंत सगलं म्हावरं नासंल!"