चौकोनताई

“हे गोल चुकलेत, साहेब,” तिने स्क्रीनवर बोट टेकवलं. “अनेकांतून एकच निवडायचा असेल तर गोल. हवे तेवढे निवडायचे असतील तर चौकोन. सगळीकडे असंच असतं.”

साहेबांनी मान डोलावली. पंख्यांच्या त्या कारखान्यात स्क्रीन आखायच्या कामाला लागून तिला फार दिवस झाले नव्हते. पण गोल-चौकोनावरून तिने इतक्यांचं डोकं खाल्लं होतं, की ऑफिसात तिला चौकोनताईच म्हणू लागले होते. तिलाही ते आवडायचं.

ही स्क्रीन सोडून जाणाऱ्या कामगारांची होती. कुणी निवृत्त झालं, कुणी राजीनामा दिला, की हजेरीच्या बाई त्या नावापुढचा गोल दाबून नाव कमी करत. एका वेळी एकच. दुसरा गोल दाबला की पहिला आपोआप सुटायचा. वर्षअखेरीला बाईंचं मनगट भरून यायचं.

हे काम तिच्या आधी त्या जागेवर असलेल्या काकांचं. माणूस गोड, पण कामात कच्चा, असं सगळे म्हणत. बदल करण्याआधी विचारावं म्हणून तिने साहेबांसमोरच काकांना फोन लावला, स्पीकरवर.

“मला नाही जमलं ते, पोरी,” काका म्हणाले. “तुलाही नाही जमणार. नाद सोड.”

हे मात्र तिला झोंबलं. आठवड्याच्या आत तिने गोल काढून चौकोन बसवले, वर ‘सगळे निवडा’चा एक दिला, आणि शेवटी ‘नक्की?’ असं विचारणारी चौकट. बाईंनी तिचा हात हातात घेतला. साहेबांनी चारचौघांत कौतुक केलं. घरी तिने दादाला सगळं रंगवून सांगितलं. दादा त्याच कारखान्यात, रंगकामाला. ही जागा रिकामी झाल्याची बातमी त्यानेच आणली होती. त्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण तो खूश झाला.

सोमवारी ती जागेवर बसते न बसते तोच दादाचा फोन आला.

“अगं, गेटवर माझं कार्ड चालत नाहीये. रंगखात्यातल्या कुणाचंच चालत नाहीये. जरा बघतेस का?”

तिने स्क्रीन उघडली. रंगखात्याची सगळी नावं फिकी पडलेली, प्रत्येकापुढच्या चौकोनात खूण. दादाच्याही. खूण काढायला तिने दाबलं, पुन्हा दाबलं. निघेना. ‘नक्की?’ला कुणीतरी ‘हो’ म्हणून गेलं होतं, आणि त्यापुढे मागे फिरायची वाट तिने ठेवलीच नव्हती.

“सापडलं का काही?” दादा विचारत होता.

“बघते,” ती म्हणाली.

हजेरीच्या बाई मान वर करीनात. ती तशीच साहेबांच्या खोलीत शिरली. ‘सगळे निवडा’ चुकून दाबलं गेलं असेल, दोष माझाच, मी आत्ता दुरुस्त करून देते, असं एका दमात बोलून गेली.

साहेबांनी तिला बसायला सांगितलं. चूक काहीच नव्हती. रंगखातं बंद करायचं केव्हाच ठरलं होतं. पण एकेक नाव कमी करत बसलं असतं, तर दुपारपर्यंत बोभाटा होऊन अख्खा कारखाना गेटवर उभा राहिला असता.

“काकांकडे किती वेळा चौकोन मागितले,” साहेब म्हणाले. “दर वेळी त्यांचं एकच, जमत नाही. म्हणून तर त्यांना काढून तुम्हाला घेतलं.”