मधली जागा

धुळ्यातल्या आमच्या पेठेतल्या जुन्या व्यायामशाळेचा इतिहास मी लिहीत होते. युरोपातल्या सोकोल या व्यायाम-चळवळीविषयी वाचून तिथल्या मास्तरांनी एके काळी सामूहिक कवायत सुरू केली होती. ती केलेल्यांपैकी चुडामण नाना तेवढे उरले होते.

"आते मी एकलाच शे, नूतन," ते म्हणाले. "करून दाखवतो. नाहीतर माझ्यासंगे जाईल."

सकाळच्या उन्हात मैदान रिकामं होतं. नानांनी मला बरंच मागे उभं केलं.

"इतक्या लांब का, नाना?"

"मधली जागा त्यांची."

मला भरून आलं. गेलेल्या सोबत्यांसाठी ते अजून जागा राखत होते.

नाना पाठमोरे उभे राहिले. त्यांनी हुकूम दिला, "अंतर घ्या." पुढच्याच्या खांद्याला बोटं टेकतील इतकंच अंतर ठेवायचं, हे त्यांनी आधी समजावलं होतं. त्यांच्या समाधानासाठी मी हात पुढे केला.

हाताच्या टप्प्यात कुणी नव्हतं. तरी माझी बोटं घामानं ओल्या झालेल्या सदऱ्याला टेकली.

"टेकला का हात?" नानांनी मागे न बघता विचारलं.

"हो," मी कसंबसं म्हणाले.

तेवढ्यात मागून माझ्या खांद्याला कुणाची तरी बोटं टेकली.