लेकीच्या दारावरून

रविवार उजाडला की आमच्या ह्यांना घर टोचतं. आनेकलच्या बाजारातून ताजी भाजी आणतो म्हणून सायकल काढायची आणि दुपारी रिकामी पिशवी घेऊन घामाघूम परत यायचं.

आज देवळात आमच्या लेकीची, द्वारकेची सासू भेटली. म्हणाली, “अक्का, तुमचे राव दर रविवारी आमच्या येलहंक्याला येतात. आमच्या दारावरून घंटी वाजवत जातात, द्वारका खिडकीत धावते. पण उतरत काही नाहीत.”

लेकीला मूल होईस्तोवर तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, हे मीच त्यांना बजावलेलं.

घरी येऊन म्हटलं, “अहो, पाणी पिऊ नका म्हटलं होतं, पोरीला भेटू नका असं नाही. येत्या रविवारी आपला तांब्या भरून घेते. मला मागे बसवा, आणि माणसासारखे दाराशी उतरा.”