पहिल्या रात्रीचा नियम

अध्यक्षाने बेल वाजवली आणि मग त्याला आठवलं, की या दाराची किल्ली आपल्याच खिशात आहे. तोवर आईने दार उघडलं होतं.

"या, साहेब. खोली तपासायला आलात ना?"

आला होता खरा. परदेशी मुलं इथे सेवेच्या कामाला आणायची आणि इथली तिकडे पाठवायची, अशी त्याची विद्यार्थ्यांनीच चालवलेली संस्था. ती सुरू झाली याच घरात. पहिला पाहुणा त्याच्या खाटेवर झोपला आणि हा स्वयंपाकघरात सतरंजीवर. आता शहराशहरांत शाखा होत्या. ऑफिस होतं. अध्यक्ष बहुतेक वेळा तिथेच बाकावर झोपायचा आणि घरी यायचा तो मळके कपडे टाकायला. "घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजतो म्हणावं," आई शेजारणीला सांगायची, "तर घरचं खायलाही येत नाही."

पाहुणे लोकांच्या घरी उतरायचे. मध्ये एका घरी पाहुणीला ढेकणांनी फोडून काढलं. तेव्हा त्यानेच नियम केला. नव्या घरात आधी संस्थेच्या माणसाने एक रात्र झोपून बघायचं. खोट निघाली तर घर नापास, आणि दुरुस्तीनंतर त्याच माणसाने पुन्हा झोपून तपासायचं.

नवी तुकडी येऊ घातली होती आणि घरं कमी पडत होती. अशात सेक्रेटरी म्हणाली, एक बाई खोली द्यायला तयार आहेत, पण तपासायला अध्यक्षच हवा म्हणतात. पत्ता वाचून त्याला हसू आलं होतं.

"आई, हे घर पास. मी निघतो, सातला मीटिंग आहे."

"न झोपताच पास? वशिल्याने?"

वशिल्याचं नाव काढल्यावर त्याला थांबणं भागच होतं. मीटिंग फोनवर उरकली. पोटभर जेवला. धुतलेल्या चादरीवर पाठ टेकली ती सकाळी उन्हं अंगावर आल्यावरच उचलली. अशी झोप त्याला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

"खोली झकास आहे," चहा पिताना तो म्हणाला. त्याला मनापासून बरं वाटत होतं. "सोमवारी एक मुलगी पाठवतो. बाबा गेल्यापासून एकटीच असतेस, तुलाही सोबत होईल."

आई कपबशा विसळत होती. तिने नळ बंद केला.

"या खेपेला नापास कर," ती म्हणाली. "म्हणजे पुन्हा तपासायला तुलाच यावं लागेल."