फिरत्या दवाखान्याची चेन

इंजिनच्या कव्हरचा शेवटचा बोल्ट सुटला आणि गोवर्धनने पाना खाली ठेवला. पुढे हात जाईना.

"काय झालं मिस्त्री? भूत दिसलं का?" डॉक्टर हेमचंद्र हसले. ते अकोल्यात नवे होते. संस्थेचा फिरता दवाखाना, ही जुनी डिझेल गाडी, चार वर्षं टिनाच्या शेडमध्ये उभी होती. डॉक्टरांना ती पुन्हा खेड्यापाड्यांत न्यायची होती. पण एकही ड्रायव्हर तिच्यात बसायला तयार नव्हता. मागच्या बाकावर बाई कण्हते, असं सगळे सांगत.

गोवर्धनचा भुतांवर विश्वास नव्हता. तरी सकाळपासून त्याने त्या बाकाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्याची बायको कौशल्या त्याच बाकावर गेली होती, पोटातल्या बाळासकट.

पहिलं बाळंतपण, म्हणून दसरा आटोपल्यावर ती माहेरी गेली होती, पातूरच्या घाटापलीकडे. दिवाळीच्या तोंडावर ती अडली. नेमकी त्या दिवशी ही गाडी त्याच गावात होती, आणि चालवायला गोवर्धनचा धाकटा भाऊ सूर्यभान होता. गाडी दुपारी निघाली. अकोल्याला पोचेपर्यंत दिवेलागण झाली आणि कौशल्या संपली होती. "घाटात इंजिन तापलं," एवढंच सूर्यभान म्हणाला. मग सुनेला शेवटची आंघोळ घालताना त्यांच्या आईला, मैनाबाईंना, तिच्या डाव्या पायात जोडवं दिसलं नाही.

"जोडवं कुठी गेलं रे सूर्यभान?"

सूर्यभानने मान खाली घातली.

गोवर्धनने चारचौघांत त्याच्या कानाखाली लगावली होती. "गुत्त्यात बसला होता ना तू? वयनी मरून राहिली होती, आन् तू तिच्या पायातलं जोडवं इकून दारू पेला!" तरी सूर्यभान बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो नोकरी सोडून बडनेऱ्याला गेला. त्यानंतर त्याने घराचा उंबरा पाहिला नाही.

"ओढा ना ते कव्हर," डॉक्टर म्हणाले. "चेन बदलायची आहे, ऑपरेशन नाही."

गोवर्धनने कव्हर ओढलं. आतली चेन गंजली होती. या चेनचं काम तसं साधं. खालचं चक्र दोनदा फिरलं की तिने वरचं एकदाच फिरवायचं. हा मेळ चुकला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन जागच्या जागी मरतं. चेनची दोन टोकं एका कडीने जोडलेली असतात. ती कडी उघडू नये म्हणून तिच्यावर नखाएवढी पोलादी क्लिप बसवतात. सगळी भिस्त त्या क्लिपवर.

त्याने चक्र हाताने हळूहळू फिरवलं. कडी वर आली. तिच्यावर क्लिप नव्हती. क्लिपच्या जागी चांदीची जाड तार पिळून गुंडाळलेली होती. ती काळी पडली होती, पण टोकाशी बारीक फुलाची नक्षी अजून दिसत होती. ती नक्षी गोवर्धनने स्वतः पसंत केली होती, लग्नाच्या वर्षी, कारंज्याच्या सराफाकडे.

"हे काय बांधलंय?" डॉक्टरांनी वाकून विचारलं.

गोवर्धनने तारेवरून अंगठा फिरवला. ही चेन त्यानेच चढवली होती. दसऱ्याचा दिवस होता. सगळी हत्यारं पाटावर पूजेला मांडलेली, आणि पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. गाडी तर लगेच हवी होती. त्याने शेजारच्या रहीमभाईंकडून पाने मागून आणले. पक्कड तेवढी आणायची राहिली. मग क्लिप त्याने अंगठ्यानेच दाबून बसवली. क्लिप खाचेत बसली की खट्ट वाजते. त्या दिवशी ती वाजली नव्हती, हे त्याला आत्ता आठवलं.

डॉक्टरांना काही न सांगता तो सरळ स्टेशनवर गेला.

बडनेऱ्याच्या रेल्वे यार्डात सूर्यभान इंजिनासाठी कोळसा ओढत होता. भावाला पाहून त्याने फावडं टेकवलं.

"चेन उघडली मी," गोवर्धन म्हणाला.

सूर्यभान म्हणाला, "घाटात खडखड ऐकू आली म्हून थांबलो, कव्हर खोललं. क्लिप पडली होती, कडी उघडून राहिली होती. मी तार पाहून राहिलो होतो. त वयनीनं पाय पुढं केला. मनली, भाऊजी, हे काढा, मले वाकता नाही येत. मी मनलो, दादा जित्ता असताना जोडवं कसं काढू? तशा कळांतही हासली. मनली, जोडवं काढल्यानं नवरा मरत नाही, गाडी सुरू करा."

"आन् मी तुले चोर ठरवलं! मारलं तुले! एक शबुद बोलता नाही आला?"

"कसा बोलू? शपथ घातली होती तिनं."

"कायची शपथ?"

सूर्यभानने काळे हात धोतराला पुसले. भावाच्या तोंडाकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

"चेन कोणं बसवली, तिले मालूम होतं दादा. मनली, 'मी वाचली त मीच सांगीन त्याईले, हासत हासत. नाही वाचली, त तुमी कधीच सांगू नका.'"