पहिला नंबर

मंगेशच्या आणि बालाजीच्या गाठीतली जनुकं तंतोतंत जुळली, त्या दिवसापासून योगिता रोज सेलूला, बालाजीच्या घरी फोन करत होती. अशी जोडी सापडली की औषध एकाला आधी द्यायचं आणि त्याला गुण आला तरच दुसऱ्याला, हा आता सगळ्याच दवाखान्यांचा रिवाज होता. चिठ्ठीत पहिला नंबर बालाजीचा निघाला. त्या कधी न पाहिलेल्या माणसासाठी योगिताने सोमवार धरले होते. तो बरा झाला तर तिचा नवरा मंगेशही बरा होणार होता.

आज डॉक्टर मॅडमनी तिच्यापुढे फॉर्म ठेवला. "ते औषध वाया गेलं. बालाजींची गाठ दुप्पट झालीय. मंगेशना आपण दुसरं देऊ. ते लागू पडेल."

"मग बालाजींनाही तेच द्या ना!"

"पहिल्यानेच ते पार खचलेत. आता दुसरं झेपणार नाही. त्यांच्या घरी आम्ही संध्याकाळी कळवू. तोवर तुम्ही काही बोलू नका."

योगिताचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तिला स्वतःचीच किळस आली. तेवढ्यात फोन वाजला. बालाजीची बायको जयश्री होती.

"ताई, आज ह्यांनी अर्धी भाकर खाल्ली बघा! गुण येतोय. आता भाऊजींनाबी हेच औषध मिळंल. काळजी करू नका."

"हो," योगिता म्हणाली. "उद्या किती खाल्ली, तेही सांगा हं."

आणि फोन कानाला तसाच धरून तिने सही केली.